चार सवारीची जीप

आमच्या घरी जीप आली ती संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, आणि आली ती ढकलत. आमच्या रांझी वस्तीत शिरण्याआधीच्या चढावर तिनं राम म्हटला. नवरा स्टिअरिंगवर, आणि मागून मी, मुलगी आणि रस्त्यात दया येऊन थांबलेले दोन मोटरसायकलवाले. फौजेतून बाद झालेली, मग एका ठेकेदारानं दहा वर्षं खाणीवर पिदडलेली ती जीप नवऱ्यानं मोठ्या अभिमानानं घेतली होती. "फोर बाय फोर आहे," तो खिडकीतून मान काढून सांगत होता, "चारही चाकांना ताकद मिळते." ती ताकद त्या वेळी कोण देत होतं ते मी त्याला घरी पोचल्यावर सांगितलं.

मी मूळची साताऱ्याची. बँकेच्या नोकरीनं जबलपुरात आले आणि इथल्याच एका मराठी घरात पडले. सासऱ्यांचे आजोबा कधीकाळी अमरावतीहून इकडे आले, तेव्हापासून घरात मराठी आहे, पण तिला हिंदीचं विरजण लागलेलं. सासरे, म्हणजे बाबा, इथल्या ट्रकच्या सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. त्यांनी दारावर खडूनं 'ओके' लिहिल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर पडत नसे. स्वतः मात्र जन्मभर सायकलवर फिरले. नवरा एका खासगी कॉलेजात शिकवतो आणि उरलेला वेळ मोबाइलवर इतरांच्या गाड्या चिखलातून बाहेर निघताना बघतो. मुलगी अकरावीत आहे. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. प्राथमिक शाळेत पूर्ण नोकरी झाली त्यांची. पहिली नेमणूक मंडल्याकडच्या जंगलातल्या एका गावात होती. नाल्यापलीकडे कौलारू शाळा, पावसाळ्यात नाला भरला की जगाशी संबंध तुटलेला. तिथं त्या लग्नाआधी तीन वर्षं राहिल्या, आणि त्यानंतर पुन्हा कधी गेल्या नाहीत. गुडघ्यांचं ऑपरेशन पुढच्या दिवाळीनंतर करायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांच्या दवाखान्यातून बाहेर पडता पडता त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "गुडघे कापायच्या आधी एकदा ती शाळा पाह्यची होती." आयुष्यात त्यांनी आमच्याकडे काही मागितल्याचं मला तेवढंच आठवतं. पक्की सडक अजूनही नाल्याच्या अलीकडेच संपते, पुढं दगडधोंड्यांची वाट. म्हणून जीप. पाऊस लागायच्या आत जाऊन यायचं, एवढं साधं काम होतं.

पण आमच्या घरात साधं काम साधं राहत नाही. नवऱ्याच्या मनात शाळेच्या पुढं पचमढी उभी राहिली, पचमढीच्या पुढं बस्तर, आणि बस्तरच्या पुढं थेट हिमालय. "एकदा गाडी नीट सजवली की आपण कुठंही जाऊ शकतो," तो म्हणायचा. तोवर आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतही जाऊ शकत नव्हतो.

गाडी गोहलपूर मोहल्ल्यातल्या एका उस्ताद मिस्त्रीकडे दिली. त्या गल्लीत एका बाजूला वेल्डिंगच्या ठिणग्या आणि दुसऱ्या बाजूला गाद्यांचा कापूस उडत असतो, आणि दोघांचं आजवर कसं जमलं हे कोडंच आहे. पहिल्या दिवशी सारं घर गेलं, कारण आईंच्या गुडघ्यांच्या मापानं पायरी करायची होती. उस्तादांनी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला आणि विचारलं, "अम्मा जी, पहले ये बताओ, सवारी कितनी बैठेगी?"

हा प्रश्न आईंनाच विचारला गेला हे स्वाभाविकच होतं, कारण आमच्याकडे माणसं मोजायचं काम त्यांचंच. स्टेशनवर, लग्नाच्या मांडवात, भेडाघाटच्या गर्दीत, कुठंही निघायची वेळ झाली की त्या बोट उचलून मोजतात आणि "चलो, झाले सारे" म्हणतात. ते ऐकल्याशिवाय आमच्यातलं कुणी पाऊल उचलत नाही. वर्गातली पोरं नाल्यापलीकडे नेताना लागलेली सवय. तेव्हाही त्यांनी स्टुलावरून आमच्याकडे बोट फिरवलं आणि सांगितलं, "चार."

"हओ, चार," उस्ताद म्हणाले, आणि कामाला लागले.

मग जे सुरू झालं त्याला मी तरी गाडी सजवणं म्हणणार नाही. ती वाटणी होती, आणि प्रत्येकजण आपला हिस्सा सोडायला तयार नव्हता. नवऱ्यानं छपरावर तंबू बसवला. तो उघडला की शिडी खाली येते, आणि तंबूत दोघं झोपू शकतात असं पत्रकात लिहिलं होतं. त्या दोघांत मी नाही, हे मी आधीच स्पष्ट केलं. बाबांनी एकावर एक दोन जादा चाकं, फावडं, तारेचा दोर आणि कारखान्यात असते तशी वाळू भरलेली लाल बादली आणली. "आग लागली तं?" ते म्हणाले. "बाबा, आपण नाल्यात जाऊन राहिलो," नवरा म्हणाला. "नाल्यात पोचायच्या आधी लागली तं?" बादली चढली. मुलीनं बसू शकेल त्या प्रत्येक जागी चार्जिंगची भोकं पाडून घेतली आणि आत निळ्या दिव्यांची माळ लावली. रात्री जीप अंगणात उभी असली की शेजारी विचारायचे, घरात लग्न आहे का.

मी साधू होते अशातला भाग नाही. जंगलात जाऊन पाकिटातलं फरसाण खाणार नाही, असं मी ठणकावलं होतं. त्यामुळे मागच्या समोरासमोरच्या दोन बाकांपैकी एक उचकटून तिथं सरकणारं स्वयंपाकघर बसलं. दोन शेगड्या, मसाल्याचे कप्पे, ठेच्यासाठी खलबत्त्याची जागा आणि पोळपाटासाठी खास गोल खाच. पोळपाटाची खाच सुताराला तीनदा करावी लागली, कारण दोनदा त्यानं माप पोळीचं घेतलं. उरलेल्या बाकाच्या जागी दोन ऐसपैस सीटा, पट्ट्यांसकट. पुढं दोन, मागं दोन. उस्तादांनी चाराचा हिशोब अगदी चोख ठेवला होता.

या सगळ्यात आईंची पायरी राहून गेली. म्हणजे झाली, पण दार उघडलं की आपोआप खाली येणारी अशी नवऱ्यानं ती करवून घेतली, आणि पहिल्याच प्रयोगात ती त्याच्याच नडगीवर आली. नंतर दारासोबत ती फक्त कुरकुरायची. आई बिचाऱ्या म्हणायच्या, "घरचा पाट ठेवला तरी चढते मी." त्यांचं कोण ऐकतं? होळी गेली, अक्षय तृतीया गेली. आंबे उतरले. वर्तमानपत्रात केरळच्या ढगांच्या बातम्या सुरू झाल्या, तशा आई रोज सकाळी अंगणात जाऊन आधी आभाळाकडे आणि मग जीपकडे बघायला लागल्या. विचारलं काही नाही. मीच एक दिवस नवऱ्याला म्हटलं, की पाऊस पडला आणि ही गाडी इथंच उभी राहिली, तर मी तुला त्या तंबूत कायमचा राहायला पाठवीन.

शेवटी बाबांनी तपासणी घेतली. कारखान्यात माल लादून ट्रक चालवून बघायचे, तसंच करायचं ठरलं. घरात माणसं असताना त्यांनी माणसांच्या जागी गव्हाची पोती ठेवली, कारण पोतं बोलत नाही. गाडी चालवणारा नवरा आणि तीन पोती, अशी जीप कारखान्याच्या भिंतीला वळसा घालून आली. बाबांनी चारी बाजूंनी फिरून बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवला, आणि दारावर खडूनं मोठ्या अक्षरांत 'ओके' लिहिलं. निवृत्तीनंतरचं पहिलंच. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

निघायचा दिवस उजाडला. बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक निघालं, चाकांखाली लिंबं गेली, नारळ फुटला. बाबा आणि नवरा पुढं बसले, मुलगी आणि मी मागं. आईंनी औक्षणाचं ताट घेऊन गाडी ओवाळली, एक पाऊल मागं सरकून बोट उचललं आणि मोजलं. "एक, दोन, तीन, चार. चलो, झाले सारे."

नवऱ्यानं गाडी सुरू केली. चाकं लिंबांवरून गेली, आणि जीप फाटकापर्यंत पोचलीसुद्धा.

मी काचेतून मागं पाहिलं. आई तिथंच उभ्या होत्या. नवी इरकली साडी नेसलेल्या, खांद्याला पर्स, हातात ताट.

"थांब," मी म्हटलं. "आई, या ना. बसा."

आई जवळ आल्या. मागं वाकून पाहिलं, पुढं पाहिलं, पुन्हा मागं पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "कुठं?"

पाच महिने खपून, तीन राज्यांतून सामान मागवून, आम्ही जिच्यासाठी जीप घेतली त्या बाईलाच वगळून ती बांधली होती. पोळपाटाला जागा होती. वाळूच्या बादलीला पट्टा होता. मला आधी हसू फुटलं आणि मग त्या हसण्याचाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"आई, तूच तर चार म्हणाली होती," नवरा म्हणाला. चालू गाडीत बसून हे बोलायची त्याची हिंमत.

"हो ना," आई ताटातली वात सारखी करत म्हणाल्या. "मोजणाऱ्याला कोण मोजते? शाळेतही मी पोरंच मोजत होती."

मग आमच्या घरातला आवडता खेळ सुरू झाला, तो म्हणजे त्यागाचा. आई म्हणाल्या, "तुम्ही जा, मी राहते, फोटो काढून आणा." बाबा म्हणाले, "मी राहतो, माझं काय काम तिथं?" नवरा म्हणाला, मी राहतो, आणि मग त्याच्या लक्षात आलं की गाडी चालवायला घरात दुसरं कुणी नाही. "मैं रुक जाती हूँ, मुझे कोई प्रॉब्लेम नहीं," मुलगी इतक्या तत्परतेनं म्हणाली की तिचा त्याग लगेच फेटाळण्यात आला. कुणीतरी म्हणालं, दोन खेपा करू. जंगलातल्या शाळेला दोन खेपा. तोवर आई ताट घेऊन घराकडे वळल्यासुद्धा होत्या, आणि एका हातानं पर्स खांद्यावरून उतरवत होत्या. त्या पर्सकडे माझ्यानं बघवेना.

"कुणी राहणार नाही," मी ओरडले. "स्वयंपाकघर राहील."

बाबा खाली उतरले. गाडीला एक फेरी मारली आणि दारावरचं 'ओके' सदऱ्याच्या बाहीनं पुसून टाकलं. "ही गाडी पास नाही," ते म्हणाले.

"बाबा, तुम्हीच पास केली होती."

"अन् आता मीच फेल करून राहिलो. पाना आण."

उन्हं डोक्यावर येईस्तोवर अंगणात पाने वाजत होते. मी स्वतःच्या हातानं शेगड्या काढल्या. खाचेतला पोळपाट काढताना मात्र जीवावर आलं, तीनदा करून घेतलेली खाच ती. लाल बादली उतरली, जादा चाकांतलं एक उतरलं, आणि कुरकुरणारी पायरी नवऱ्यानं खुन्नस काढल्यासारखी उपटली. उचकटलेला जुना बाक गच्चीवर होता. त्यावर आईंनीच मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या. वड्या झटकून बाक जिथला तिथं बसवला. बाबांनी पुढची जागा आईंना दिली. घरातला पाट खाली ठेवून, एका हातानं दार आणि दुसऱ्यानं बाबांचा खांदा धरून त्या चढल्या. डब्यात पोळ्या आणि ठेचा, एक पाण्याची कॅन, तोच पाट, आणि छपरावर तो तंबू, कारण तो काढायचा कसा हे कुणालाच माहीत नव्हतं.

नाल्याशी पोचलो तेव्हा नवऱ्यानं चारही चाकांची ताकद जोडली, खोल श्वास घेतला, आणि आम्हाला पट्टे तपासायला लावले. पाणी घोट्याएवढं होतं. आम्ही बैलगाडीच्या चालीनं मध्यावर असताना एक दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेल्या फटफटीवरून शेजारून गेला, आणि थांबून म्हणाला, "का हो गओ भैया, बंद पड़ गई?" नवऱ्यानं खिडकीची काच वर केली.

शाळा होती. कौलं अर्धी गेलेली, दाराला कडी नाही, नवी पक्की शाळा पलीकडे झालेली. जुन्या वर्गात एक शेळी बसली होती. आई आत गेल्या, फळ्याच्या जागी भिंतीवर राहिलेल्या काळ्या चौकोनासमोर उभ्या राहिल्या, आणि समोरच्या रिकाम्या जमिनीकडे बघत राहिल्या. आम्ही ओसरीवरच थांबलो. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "किती लहान आहे. मले तं मोठी वाटत होती." मग पदरानं डोळे पुसले, आणि ओसरीवर बसून दोन पोळ्या ठेच्याशी खाल्ल्या. शेळीलाही दिली.

उतरत्या उन्हात निघालो. आम्ही चौघं गाडीत बसलो. आई पाटाशी उभ्या राहिल्या, आणि बोट उचललं.

"एक, दोन, तीन, चार. चलो, झाले..."

त्या थांबल्या. बोट तसंच हवेत होतं. मग त्यांनी ते वळवून स्वतःच्या छातीशी टेकवलं, आणि पहिलीतलं पोर नवा अंक म्हणतं तसं दबक्या आवाजात म्हणाल्या, "पाच."

बाबांनी मागच्या बाकावरून हात पुढं केला, त्यांना वर घेतलं, आणि खिशातून खडू काढत म्हणाले, "आता पास."