मावशीची गोळी अन् पिवळा ठिपका

नागपूरहून गाडीनं चार-पाच तासांवर असलेल्या आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, शंकर नगरच्या ऑफिसात माझं काम म्हणजे पाहणं. लोकांचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात यंत्रच नेऊन टाकतं. ते पोहचले की नाही हे मी पडद्यावर पाहते. हिरवा ठिपका म्हणजे पोहचले, पिवळा म्हणजे अडकले. हात लावायची परवानगी नाही. पगार पाहण्याचाच मिळतो.

एका सकाळी कामावर बसत नाही तोच पिवळ्या ठिपक्यासमोर माझ्याच आईचं नाव दिसलं. नागपूरला एकटी राहणाऱ्या मावशीच्या हार्टच्या गोळ्या संपल्या होत्या, आदल्या रात्रीचीही चुकली होती. आईनं इथल्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरून, मोबाइलवरून पैसे पाठवले अन् कारण लिहिलं, 'गोळी'. आमचं यंत्र दचकलं. त्याला वाटलं, बंदुकीची!

आईचा फोन आला. "काहून अडकले वो पैसे?"

"तू गोळी लिहिलं ना, आई."

"मग गोळीले गोळी नाही त काय लाडू म्हणू? अन् तू दिवसभर तिथं काय करून राहिली?"

"पाहून राहिली."

"पाह्य मग!" तिनं फोन ठेवून दिला.

तपासणीवाले साहेब दुसऱ्या शहरात बसतात. त्यांना लिहून कळवलं, गोळी म्हणजे टॅबलेट. तासाभरानं उत्तर आलं: टॅबलेट कोणत्या कंपनीचा, बिल जोडा. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, जाऊ दे, आपल्याच खात्यातून पाठवू. तेही पिवळे! मावशीचं खातंच आता संशयित, तिच्याकडे जाणारं सगळं थांबवायचं. शेजारच्या टेबलावरचे भैया कौतुकानं म्हणाले, "दीदी, सिस्टम बढ़िया काम कर रहा है." असा संताप आला की काय सांगू! पण खरं म्हणजे मी घाबरले होते. मावशीला एकदा झटका येऊन गेला होता.

आईला फोन लावला त उचलेना. मावशीही उचलेना. मग दिवसभर मी तो ठिपका पाहत बसले, दुसरं काही येतच नव्हतं मला.

संध्याकाळी आईचाच फोन आला. मोबाइलमधला मावशीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो दाखवून तिनं चौकातल्या औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतल्या होत्या, अन् गुडघे धरत धरत नागपूरची गाडी पकडली होती.

"घेतली मावशीनं गोळी. चहा पिऊन राहिली," ती म्हणाली.

मी खुर्चीतच रडले. समोर दोन्ही ठिपके पिवळेच होते.

"अन् काय वो," आईनं विचारलं, "मी पोहचली, त तुह्या पडद्यावर हिरवं झालं का काही?"