गाडी न चालवणारा नवरदेव

सोलापुरात तिशीच्या माणसाला दुचाकी चालवता येत नसेल, तर लोक त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात. आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटखाली माणसांपेक्षा गाड्या जास्त. त्यात आमच्या फ्लॅटच्या वाट्याची जागा तेवढी रिकामी. तिथं तळमजल्यावरच्या काकूंनी कढीपत्ता आणि तुळशीच्या कुंड्या मांडल्या होत्या आणि त्यांना रोज पाणी घालताना त्या मला विचारायच्या, "मग, यंदा घेणार का गाडी?" त्यांना कुंड्यांची काळजी होती.

मला शिकवायचा प्रयत्न झाला नव्हता असं नाही. वळसंगला आमचे चुलते राहतात. कॉलेजात असताना त्यांनी मला मोटारसायकलवर बसवलं, क्लच सोडायला सांगितलं, आणि मी कडब्याच्या गंजीत शिरलो. मी आत आणि गाडी आत. गाडीचं इंजिन मात्र बराच वेळ चालू होतं. चुलत्यांनी आधी गाडी बाहेर काढली. त्या दिवसापासून मी सिटी बस, शेअर रिक्षा आणि एसटी यांचा झालो, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही कमी वाटत नव्हतं. ऑफिसला जाताना आसरा चौकात रिक्षावाले मला लांबूनच हाक मारायचे. पुढं चालकाच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसून, एक पाय बाहेर ठेवून, कुणाच्या मुलीचं बाळंतपण झालं आणि कुणाच्या घरी वाटणी झाली, हे सगळं ऐकत मी सात रस्त्याला पोचायचो.

अडचण आली ती लग्नाच्या वेळी. मुलीकडचे लोक पगार विचारायचे, फ्लॅट विचारायचे, आणि मग हमखास विचारायचे, गाडी कोणती? एकदा आई वैतागून म्हणाली, "रिक्षा हाय की. रोज येगळी." ते स्थळ तिथंच संपलं.

त्यानंतरचं स्थळ अक्कलकोट रोडकडच्या एका वसाहतीतलं होतं. रविवारी सकाळी बघायला जायचं ठरलं. वडिलांचा गुडघा सुजल्यामुळे मी आणि आई दोघंच निघणार होतो. ओळखीच्या रिक्षावाल्याला मी स्पेशल रिक्षा सांगून ठेवली होती, पण ऐन वेळी त्याचा फोन आला की तो गॅसच्या रांगेत अडकलाय. म्हणून ठेवणीतली इरकल नेसलेली आई आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला मी, असे दोघं नेहमीसारखे शेअर रिक्षानं निघालो. सात रस्त्याला दुसरी रिक्षा मिळाली. चालक पांढऱ्या दाढीचे चाचा होते. मागे दोन माणसं होती, आई तिसरी. मी पुढं.

पुढच्या चौकात एक बाई चढल्या. हिरवी साडी, हातात मिठाईचा पुडा. चाचा मागे वळून म्हणाले, "जरा सरक के बैठो अम्मा." आई सरकायला तयार होती, पण सरकायला जागा नव्हती. त्या बाई कशाबशा आईच्या शेजारी टेकल्या आणि त्यांचा फोन वाजला. त्या कन्नडमध्ये बोलायला लागल्या.

मला कन्नड येत नाही. आईचं माहेर अक्कलकोटच्या पुढं, सीमेलगत. तिची बोलायला सुरुवातच त्या भाषेत झाली. पण सोलापुरात तिला कन्नड बोलताना मी फार ऐकलं नव्हतं. दूध उतू गेलं की दोन शब्द यायचे, तेवढंच. चाचांच्या आरशात मला आईचा चेहरा दिसत होता. आधी तो साधा होता. मग भुवया वर गेल्या. मग ओठ घट्ट मिटले. शेजारच्या बाई फोनवर मजेत बोलत होत्या आणि मधूनच हसत होत्या.

आम्ही उतरलो तर त्या बाईही उतरल्या आणि आमच्या पुढं चालायला लागल्या. आईनं माझा दंड धरला आणि मला लिंबाखालच्या सोड्याच्या गाड्यापाशी नेलं. सोडा पीत तिनं सगळं सांगितलं. त्या बाई म्हणजे मुलीची मावशी. फोनवर मुलीची आई होती. मावशीचं म्हणणं असं, की मुलगा फोटोत बरा दिसतो, पण या वयात जो म्हणे शेअर रिक्षानं फिरतो त्याच्यात काहीतरी खोट असणार. एक तर डोळ्यांनी दिसत नसेल, नाहीतर फिट येत असेल. पोहे द्यायच्या आधी सरळ विचारून घ्या.

"फिट येती म्हणं तुला," आई म्हणाली. "आन मला काय म्हनली, ते मी सांगनार न्हाय."

मी म्हटलं, मग परत जाऊ. आईनं सोड्याची बाटली ठेवली, पदर नीट केला आणि म्हणाली की आता तर जायचंच.

दार मावशींनीच उघडलं. आईला बघून त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. आईनं हात जोडले आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "नमगू कन्नड बरतदरी." आम्हालाही कन्नड येतं, एवढाच त्याचा अर्थ. मावशी "या, बसा" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मुलीचे वडील सज्जन होते. सरळ विचारणं त्यांना जमेना. त्यांनी पावसापाण्याचं विचारलं, वडिलांच्या गुडघ्याचं विचारलं, आणि मग समोरच्या भिंतीकडं बोट दाखवून म्हणाले, "त्या कॅलेंडरवर चतुर्थी कधी आहे, बघा बरं जरा." मी बसल्या जागेवरून वाचली. त्यांनी चंद्रोदयाची वेळ विचारली. ती बारीक अक्षरात होती. तीही वाचली. त्यांनी आत बघून हळूच मान हलवली. डोळ्यांची शंका मिटली होती, आता फिट राहिली होती. त्यासाठी कॅलेंडरचा उपयोग नव्हता.

आईला ते बघवेना. तिनं सांगून टाकलं की मुलाला फिट येत नाही, कधी आलेली नाही, त्याला गाडी चालवायची हौस नाही एवढंच. मुलीचे वडील पुन्हा कॅलेंडरकडं बघायला लागले. ते आईला सहन झालं नाही. दारात मुलीची स्कूटर उभी होती. आई म्हणाली, "किल्ली द्या. चालवून दावतो त्यो."

मी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं नाही.

गल्लीत सगळे जमले. शेजारचेही ओट्यावर आले. या स्कूटरला गिअर नाहीत, नुसती मूठ पिळायची, असं मुलीच्या वडिलांनी मला समजावून सांगितलं. मी मूठ पिळली. स्कूटर निघाली. माझे दोन्ही पाय जमिनीवरून घासत चालले होते, पण तोल सांभाळला होता, आणि क्षणभर मला वाटलं की आपण उगीच इतकी वर्षं घाबरलो. गल्ली संपत आली तेव्हा लक्षात आलं की वळायचं कसं ते आपल्याला माहीत नाही. मी उतरून स्कूटर हातानं फिरवायला गेलो. उतरताना मूठ पिळली गेली. समोर दोरीवर धुतलेल्या चादरी वाळत होत्या. मी त्यातून पलीकडं गेलो.

थांबलो तेव्हा स्कूटर आडवी होती आणि मी उभा होतो. अंगावर एक ओली सोलापुरी चादर होती, व्यवस्थित दोन्ही खांद्यांवरून, सत्काराला पांघरतात तशी. फक्त श्रीफळ द्यायचं राहिलं होतं. मला काही लागलं नव्हतं. गल्लीत कुणीच हसत नव्हतं, आणि तेच जास्त अवघड होतं.

मग एकजण हसलं. ती मुलगी होती. तोवर मी तिला नीट बघितलंही नव्हतं. ती चालत आली, स्कूटर उचलली, आरसा सरळ केला आणि माझ्या खांद्यावरची चादर काढून परत दोरीवर टाकली. मग म्हणाली, "मागे बसता येतं का?"

"ते चांगलं येतं," मी म्हटलं.

"बसा मग."

वडिलांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तोवर आम्ही कोपऱ्यावरून वळलो होतो. ती छान चालवत होती. खड्डा आला की आधी सांगायची. एका शाळेत ती विज्ञान शिकवत होती आणि रोज याच स्कूटरनं जात होती. बोलता बोलता तिनं सांगितलं, याआधी जे दोघं बघायला आले होते, ते दोघंही म्हणाले होते की लग्नानंतर तुला गाडी चालवायची गरज पडणार नाही. तिला ते लागलं होतं. मी कबूल केलं की मला गाडीची भीती वाटते आणि ती जाईल असं वाटत नाही. ती म्हणाली, बरं झालं. परत आलो तेव्हा टेबलावर पोहे ठेवलेले होते आणि आई व मावशी दोन खुर्च्यांवर बसून कन्नडमध्ये बोलत होत्या. भांडत होत्या की गप्पा मारत होत्या, ते मला कळलं नाही.

दोन दिवसांनी होकार आला. मुलीची एकच अट होती. मागे बसणाऱ्यानंही हेल्मेट घालायचं.

लग्नाच्या जेवणावळीत मावशींनी माझ्या कानात सांगून टाकलं की त्या दिवशी फोनवर त्या आईला ज्वारीचं पोतं म्हणाल्या होत्या. वर म्हणाल्या, तुमच्या आईंनी मला काय म्हटलं ते विचारू नका.

आता आमच्या वाट्याच्या पार्किंगमध्ये स्कूटर असते, आणि काकूंच्या कुंड्या गच्चीवर गेल्या आहेत. सिग्नलला थांबलो की शेजारचे गाडीवाले आधी हिच्याकडं बघतात, मग माझ्याकडं, मग परत हिच्याकडं. ओळखीचे रिक्षावाले मात्र कानकोंडे होतात, जणू मी त्यांना सोडून गेलोय. पावसात मी अजून त्यांच्याकडंच जातो.

मागच्या महिन्यात घरच्या सगळ्यांचं अक्कलकोटला जायचं ठरलं. आई म्हणाली, तिला एसटीत गुदमरतं. हेल्मेट घालून ती सुनेच्या मागे बसली आणि दोघी पुढं निघून गेल्या. मी आणि वडील एसटीनं गेलो. आम्ही पोचलो तेव्हा त्या दोघींचं दर्शन झालं होतं, जेवण झालं होतं, आणि आई झाडाखाली पडून हिला सांगत होती की आता विजापूर काही फार लांब नाही.