पाठराखीण कोण?

पोलीस खात्याची गाडी चालवण्यात माझं उभं आयुष्य गेलं. साहेब कितीतरी आले नि गेले, त्यांतले निम्मे आता आठवतही नाहीत. आठवते ती आमची हवालदार सुकेशनीताई, रिठदच्या शेतकऱ्याची लेक. ती निवृत्त होऊन गावी गेली, मी कारंज्यात घरी बसलो. आता कोणी माझ्यासमोर नव्या पोरांच्या हुशारीचं कौतुक करायला लागलं की माझं डोकं तापतं. हुशारी पाहावी ती आमच्या ताईची, कामरगावच्या रस्त्यावरच्या नाकाबंदीत.

ताईला बडबड फार. डब्यात अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर असायची. त्यातली अर्धी भाकर न विचारता माझ्या हातावर ठेवायची. "खा हरीओमभाऊ, वहिनी तुमाले उपाशी ठेवते वाटते," वर हेही ऐकवायची. थांबवलेल्या गाडीत म्हातारी दिसली की माहेर कोणतं, लेकी कुठं दिल्या, सगळं विचारून घ्यायची. मागे गाड्यांची रांग लागायची आणि मी वैतागायचो. आज वाटतं, तो वैताग तरी परत मिळावा.

एका लग्नसराईत भरदुपारी आम्ही एक जीप अडवली. आत नवी नवरी, अंगावर पिवळं लुगडं, हातात हिरवा चुडा. सोबत दूरच्या राज्यातला नवरदेव, त्याचा भाऊ आणि सोयरीक जुळवणारी वर्षाराणी नावाची बाई. तिनं देवळातल्या लग्नाचे फोटो मोबाइलवर दाखवले. आमचे फौजदार वीरेंद्रसाहेब भला माणूस. त्यांनी पोरीला बाजूला घेऊन विचारलं. नाव निता, वय वीसेक. खाली मान घालून म्हणाली, "मी राजीखुशीनं जाऊन राह्यली."

सज्ञान पोरगी स्वतः सांगते आहे, मग अडवायचं कशाच्या आधारावर? साहेब जीप सोडायला निघाले. तेवढ्यात ताईनं जीपमध्ये डोकं घातलं.

"पाठराखीण कोन हाय?"

आमच्याकडे नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरची एक बाई तिच्यासोबत जातेच, घर कितीही गरीब असो.

"मीच तं आहो," वर्षाराणी म्हणाली.

"बरं झालं. मंग पोरीले वापस कवा आनता?"

बाई नवरदेवाकडे पाहू लागली. पाठराखीण नुसती सोबत जात नाही, चार दिवसांत नवरीला माहेरी परतही आणते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नवरदेवाला राहवलं नाही. तो म्हणाला, "हमारे यहाँ वापस नहीं भेजते."

तेव्हा निताने पहिल्यांदा मान वर केली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ताई साहेबांना म्हणाली, "पोरगी हो म्हनते, पन दंडविधानाच्या तीनशे सत्तर कलमात तिच्या 'हो'ले किंमत नाही. फसवून नेलं, नाहीतर तिले सांभाळनाऱ्याले पैसे चारून राबवाले नेलं, तं तो मानसाचा व्यापारच." आता नव्या न्याय संहितेत ते एकशे त्रेचाळीस झालंय, गोष्ट तीच. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि जीप ठाण्यात घ्यायला सांगितली.

तिथं सगळ्यांना वेगवेगळं बसवून विचारल्यावर नवरदेवाचा भाऊ फुटला. आईबाप गेल्यावर निताला तिच्या मामानं, किशननं वाढवलं होतं. त्यानंच पैसे घेऊन तिला दिली होती. लग्न नावापुरतं होतं. तिला घरात आणि शेतात राबवायची आणि पुढं दुसऱ्याला विकायची, असं ठरलं होतं.

निता मात्र ताईवरच उखडली. "तुमी कायले उतरवलं मले? मामा आता घरात घेईन काय?"

 ताईनं निताला महिला वसतिगृहात पोचवलं. सुटीच्या दिवशी ताई डबा घेऊन, मला सोबत घेऊन तिला भेटायला जायची आणि निता भिंतीकडे तोंड करून बसायची. परत येताना आमची ही बडबडी बाई गाडीत एक शब्द बोलायची नाही. मला फार वाईट वाटायचं.

खटला उभा राहिला. कायदा काही म्हणो, पोरीनंच साक्ष फिरवली तर मामासकट सगळे सुटतील आणि तो तिला पुन्हा घेऊन जाईल, ही ताईला धास्ती होती. कोर्टात मामाच्या वकिलानं नेमकं तेच विचारलं, "तू राजीखुशीनं चालली होतीस ना?"

"हो," निता म्हणाली. ताईनं बाकाची कड घट्ट धरली.

"मामा हिरीत उडी मार म्हनला असता तं तेबी राजीखुशीनं मारली असती. नाही म्हनता येते, हे मले कोनी सांगतलंच नोयतं."

वकील चपापला, पण हटला नाही. "मामाची अजून माया आहे तुझ्यावर. तो तुला घरी न्यायला तयार आहे. जातेस?"

निताने मामाकडे पाहिलं. 

"नाही."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. शेजारी ताई तोंडावर हात दाबून रडत होती, आणि खोटं कशाला सांगू, मीही रडत होतो.