धर्माजींचा घोट

माझ्याकडे दारू पिण्याचा आजीवन परवाना आहे. ओळखीची माणसं यावर हसतात, कारण परवाना काढून पिणारा माणूस त्यांनी दुसरा पाहिलेला नसतो. पण मी वाणिज्य शाखेचा. सगळी नोकरी खोपोलीच्या एका कागद कारखान्यात हिशेब खात्यात गेली आणि आता निवृत्ती दारात आली आहे. जे करायचं ते रीतसर करावं, एवढंच मला कळतं. वर्षातून क्वचित कधीतरी घेतो, तेही घरी, जेवणाआधी.

या परवान्यामुळेच धर्माजी एका शनिवारी दुपारी लेकीला घेऊन माझ्या कर्जतच्या घरी आले. त्या दुपारी जे पाहिलं त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

धर्माजी आमच्याच कारखान्यात वजनकाट्यावर होते. रद्दीचे ट्रक तोलून त्यांच्या चिठ्ठ्या ते माझ्याकडे पाठवत, आणि त्यातून आमची ओळख झाली. पुढे एकत्र डबा खायला लागलो. माणूस उंच, किडकिडीत, सदरा कायम पांढरा. विडी नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. त्यांच्या निरोप समारंभात कोणीतरी चेष्टेने कागदात गुंडाळून दारूची बाटली भेट दिली. धर्माजींनी ती सगळ्यांसमोर मोरीत ओतली, बाटली विसळली आणि देणाऱ्याला परत दिली. म्हणाले, घरी तेल ठेवायला होईल. रागावले नाहीत, हसलेही नाहीत.

लोधिवलीजवळच्या त्यांच्या वस्तीत बुद्धविहार आहे. दर रविवारी सकाळी तिथे वंदना होते आणि ती सांगायला पुढे धर्माजी बसतात. पंचशीलातलं पाचवं शील म्हणजे नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं वचन. त्या शीलासाठी वस्तीत एक रीत आहे, आणि ती धर्माजींनीच तरुणपणी घालून दिली. ज्याच्याकडून पाचवं शील मोडलं त्याने रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून तसं सांगायचं, मग मागच्या भिंतीपाशी जाऊन बसायचं आणि ती ओळ आली की गप्प राहायचं. बुद्धपौर्णिमेला पुन्हा शील घेतलं की पुन्हा पुढे. शिक्षा अशी नाही, पण सगळी वस्ती बघत असते. या रीतीने वस्तीतल्या पुष्कळ पुरुषांची दारू सुटली, हे जानकीबाई, म्हणजे धर्माजींच्या पत्नी, अजून अभिमानाने सांगतात.

या रीतीत धर्माजींचा धाकटा भाऊही सापडला होता. पदू त्याचं नाव. कुणाच्या तरी वरातीत त्याने अर्धा ग्लास बिअर घेतली आणि दुसऱ्या दिवशी हसत हसत भावाला सांगितलं. धर्माजींनी त्याला उभं केलं. पदू मागे जाऊन बसला खरा, पण वंदना संपल्यावर जो गेला तो परत विहाराची पायरी चढला नाही. शिळफाट्याला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथून लोधिवली फार लांब नाही, तरी दोघा भावांचं बोलणं सुटलं ते सुटलंच.

आणि अशा माणसाची मुलगी बिअर बनवते.

स्नेहल लहानपणापासून हुशार. अन्न तंत्रज्ञान शिकली, आणि खोपोलीच्या बाहेर एक छोटी बिअर कंपनी निघाली तिथे प्रयोगशाळेत लागली. हे ऐकून मला वाटलं, आता धर्माजी पोरीला घरी बसवणार. त्यांनी बसवलं नाही. विहारात लोकांनी आडून विचारलं, काहींनी तोंडावर विचारलं, की हे सम्यक आजीविकेत, म्हणजे बुद्धाने सांगितलेल्या शुद्ध उपजीविकेत, बसतं का. धर्माजींनी कबूल केलं की बसत नाही. पण शिकलेल्या मुलीला घरी बसवणंही आपल्या हिशेबात बसत नाही, असं म्हणाले. मुलीला त्यांनी एकच अट घातली. बनव, पण पिऊ नकोस.

स्नेहलने ती अट पाळली. चव बघणं हे तिचं रोजचं काम. ती घोट तोंडात घ्यायची, घोळवायची आणि शेजारच्या मगमध्ये थुंकायची. घशाखाली थेंब उतरला नाही. वर्षं गेली, ती वरच्या जागेवर गेली, कुणाचं काही अडलं नाही.

मग कंपनीच्या मालकाने, देवेश त्यांचं नाव, बेल्जियमच्या मठांत बनते तशी काळी बिअर बनवायचं ठरवलं आणि ते काम स्नेहलवर सोपवलं. मठात बिअर बनते हे धर्माजींना लेकीकडून कळलं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम फोन केला होता. तिकडचे संन्यासी स्वतः दारू गाळतात आणि उपासाच्या दिवसांत भाकरीऐवजी ती पितात, असं ती सांगते, हे खरं का? मी म्हटलं, ऐकून आहे. धर्माजी म्हणाले, "मंजे त्यांचा उपास आपल्यापरीस बरा."

बिअर तयार झाली. मालकांनी एका जाणकार पाहुण्याला चाखायला दिली. पाहुण्याने रंगाला, वासाला, चवीला चांगलं म्हटलं आणि शेवटी मान हलवली. गिळल्यानंतर मागे काहीतरी राहतं, ते वाईट आहे, म्हणाला, आणि विमान गाठायला निघून गेला. काय राहतं ते स्नेहलला सांगता येईना, कारण ती गिळतच नव्हती. कंपनीतल्या बाकीच्यांना फुकटची बिअर कशीही चांगलीच लागत होती. मालकांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. दोष कुठे आहे ते सांग, नाहीतर त्या जागेवर पिणारा माणूस आणावा लागेल. तू प्रयोगशाळेत परत जा. त्यांचंही चूक नव्हतं.

म्हणून तो शनिवार. धर्माजी दाराजवळच्या खुर्चीत बसले. छत्री मांडीवर आडवी.

"वाल्मिक, तुजा परवाना चालू हाय ना रं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आजीवन आहे.

"मग जिता हायेस तवर पी. पोरीचं काम हाय."

स्नेहलने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या आणि ओढणीत गुंडाळलेला एक ग्लास, बुटका, रुंद तोंडाचा, दांडीवर उभा राहणारा. माझी बायको माधवी आतून बर्फ आणि तळलेले बोंबील घेऊन आली. स्नेहलने दोन्ही नम्रपणे बाजूला ठेवायला सांगितलं. बिअर गार नको आणि तोंडात दुसरी चव नको. माधवी म्हणाली, "बोंबलाशिवाय हे कधी प्यायलेत का? आज खरी परीक्षा आहे तुमची."

मला बिअर म्हणजे पिवळी, थंड आणि कडवट, एवढंच माहीत. हिने ओतली ती जवळजवळ काळी होती. ग्लास खिडकीपुढे धरला तेव्हा आत काकवीसारखा तांबडा उजेड दिसला. वर फेस दाट, चहावरच्या सायीच्या रंगाचा, आणि तो बसायचं नावच घेईना. नाक जवळ नेलं आणि मी चमकलो. दारूचा वास येईल म्हणून तयारीत होतो. आला तो खजुराचा, मनुकांचा. त्यामागे डब्यात विसरून काळं पडलेलं केळं, थोडी लवंग, आणि तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीचा करपट पापुद्रा. हे मी जसं सुचलं तसं बोलून दाखवलं. स्नेहल खूश झाली. बरोबर, काका, लवंग आणि केळं यीस्टमुळे येतं, पुढे सांगा, म्हणाली.

घोट घेतला. आधी गोड, पण सरबतासारखं नाही. काळ्या गुळाचं असतं तसं, गोडाच्या आत जरा तुरट. जिभेवर बारीक बुडबुडे. गिळल्यावर छातीत ऊब उतरली, सुंठेच्या काढ्याने उतरते तशी. एवढी जड चव आणि घोट इतका हलका कसा, याचं मला आश्चर्य वाटलं.

"आणि मग?" स्नेहलने विचारलं.

मी म्हटलं, मग छान.

"गिळल्यानंतर, काका. मागे काय राहिलं?"

मी पुन्हा घोट घेतला. डोळे मिटून बसलो. मागे काय राहिलं ते शोधलं. मला काही सापडलं नाही. आयुष्यभर जेवणानंतर सुपारी चघळणारा माणूस मी. घशाशी जे काही लागायचं ते लागायचं केव्हाच थांबलं असावं. ती वाट बघत होती आणि मी पुन्हा छान म्हणालो. तिसऱ्या घोटालाही तेच. माधवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचीही आता चेष्टा करायची हिंमत झाली नाही.

स्नेहलने माझ्या हातून ग्लास घेतला, आत जाऊन विसळून आणला, दुसरी बाटली उघडली आणि सावकाश ओतली.

"तुम्हाला उगाच त्रास दिला, काका," ती म्हणाली. "आता मीच बघते."

हे ती माझ्याकडे बघून बोलली, बापाकडे बघून नाही. काय होतंय ते मला कळायच्या आत तिने ग्लास ओठांपाशी नेला होता. धर्माजी खुर्चीतून कधी उठले ते मी पाहिलं नाही. छत्री खाली पडल्याचा आवाज तेवढा आला. त्यांनी तिच्या हातातून ग्लास काढून घेतला, ओरडून नाही, लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा. मला वाटलं, आता मोरीत ओतणार.

त्यांनी तो तोंडाला लावला आणि प्यायले.

मला सांगायलाही लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की यांच्याकडे परवाना नाही. इतकी वर्षं ज्या माणसाला मी सोडावॉटर घेतानाही पाहिलं नव्हतं, तो माझ्या बैठकीत, भर दुपारी, उभ्याने, एक मोठा घोट तोंडात धरून होता. तो गळ्यातून खाली उतरताना दिसला. ते खोकले नाहीत. हात छातीवर ठेवून थांबले. स्नेहलचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, हे काय केलंत?" ती म्हणाली.

"थांब. चव जाईल. आदी ऐक." ते काहीतरी नीट ऐकत असल्यासारखे भिंतीकडे बघत राहिले. "गोड होतं. मग ऊन ऊन वाटलं. मग सगळं गेलं. आनि आता मागनं येतंय." त्यांनी गळ्याच्या खालच्या खळग्यावर बोट ठेवलं. "जिबंला नाय, हितं. खीर तळाला लागली मंजे खालची खरवड कशी लागते, तसं. वरची खीर गोड, पर घरात समद्यांना कळतं. पानी प्यालो तरी हे जायाचं नाय."

स्नेहल हळूच म्हणाली, पाक. या बिअरमध्ये साखरेचा काळा पाक घालावा लागतो आणि तो तिने स्वतः आटवला होता. मोठं भांडं, तळाशी कुठेतरी लागलं असणार. वरून ढवळताना वास आला नाही, आणि तोंडात धरून थुंकताना बाकीच्या गोडाखाली ते झाकून गेलं. ती हे सगळं भराभर सांगत होती आणि सांगताना रडत होती. दोन्ही एकदम चालू होतं.

"मी घेणार होते ना, बाबा. माझं काम होतं."

"तू आजून घेतली नायस," धर्माजी म्हणाले. "तेवडं ऱ्हाऊ दे."

त्यांनी माधवीकडे पाणी मागितलं, चूळ भरली आणि छत्री उचलली. चहा नको म्हणाले. उन्हात बापलेक स्टॅंडकडे निघाले. ती पुढे, ते मागे. मी बराच वेळ तो ग्लास बघत बसलो. तळाशी थोडी राहिली होती. मी ती चाखली. मला तेव्हाही काही लागलं नाही.

रात्रभर मला ते भिंतीपाशी बसणं आठवत होतं. ही गोष्ट चौघांतच होती आणि चौघांतच राहिली असती. तरी सकाळी उठून मी लोधिवलीला गेलो. विहारात मला कधी कोणी परका मानलं नाही, मी जाऊन पुरुषांच्या बाजूला बसलो. धर्माजी पांढऱ्या सदऱ्यात आले, मेणबत्त्या लावल्या, आणि बसायच्या ऐवजी वळून उभे राहिले. काल आपल्याकडून पाचवं शील मोडलं, एवढंच सांगितलं. का, कुठे, ते सांगितलं नाही. लेकीचं नाव घेतलं नाही.

जानकीबाई समोर बघत ताठ बसल्या होत्या. त्यांना आधी सांगितलं असावं. हरेश नावाचा तरुण विहाराचा सचिव आहे. तो गडबडून उठला. काका, औषधात वगैरे काही पोटात गेलं असेल तर ते धरायचं नाही, तुम्ही बसा पुढे, असं म्हणाला. पुष्कळांनी होकारार्थी मान डोलावली. सगळ्यांना तेच हवं होतं.

"पदूलाबी मी आसंच मनाया पायजे होतं," धर्माजी म्हणाले. "मी मनालो नाय."

आणि ते माणसांच्या मधून चालत गेले आणि मागच्या भिंतीपाशी बसले. त्या भिंतीपाशी त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं.

पुढची जागा रिकामी. हरेश तिथे बसायला तयार होईना, दुसरं कोणी उठेना. मग बायकांच्या बाजूने आवाज आला. स्नेहल बसल्या जागेवरूनच वंदना सांगायला लागली होती. सुरुवातीला आवाज कापत होता, मग ठरला. लोक तिच्यामागून म्हणायला लागले. पाचवी ओळ तिने न अडखळता, पुरती म्हटली, आणि सगळ्यांनी म्हटली. मी मागे वळून पाहिलं. धर्माजींचे हात जोडलेले होते, ओठ मिटलेले.

सोमवारी तिने मालकांना दोष सांगितला. ते पीप बाजूला काढलं, पाक नव्याने मंद आचेवर केला, आणि जागा तिच्याकडेच राहिली. अजून ती थुंकूनच चव बघते. गिळायचं काम आता दुसऱ्या कोणावर सोपवलं आहे. मालकांनी ते मान्य केलं.

शिळफाट्यापर्यंत बातमी पोचायला वेळ लागला नाही. पदूने स्नेहलला फोन करून विचारलं, खरं का गं? ती हो म्हणाली. त्याने फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी मीही गेलो होतो. वंदना सुरू व्हायच्या जरा आधी दारात एक जाडसर माणूस चपला काढत होता. हाताच्या बोटांना सायकलच्या वंगणाचा काळेपणा, धुऊनही न गेलेला. तो पुढे बघायला गेला नाही, कोणाशी बोलला नाही. सरळ मागच्या भिंतीकडे गेला. धर्माजींनी सतरंजीवर जरा सरकून जागा केली.