बेटा रीडर अनिवार्य

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही जबलपूरच्या विजय नगरात नलूताईंकडे जमतो, आपापल्या कथा वाचतो आणि खोव्याची जलेबी खातो. दिवाळीला आमच्या मंडळाचा छोटासा अंक निघतो. त्यातल्या कथा लोक होळीपर्यंत विसरतात. त्या कथांचे किस्से मात्र साचत जातात. संपादन माझ्याकडे, कारण तिशीच्या आतली मी एकटीच आणि मराठी टायपिंग येतं तेही मला एकटीला. त्यामुळे किस्स्यांचा साठाही माझ्याचकडे.

*

नलूताई निवृत्त शिक्षिका. गेल्या वर्षी त्यांनी एका आदर्श बापावर कथा लिहिली. पहिलंच वाक्य असं होतं: 'अण्णांनी आपल्या चारही मुलींना जन्मभर पुरेल अशी शिक्षा दिली.'

अंक पुण्याला पोचला आणि नलूताईंच्या वहिनींचा फोन आला. "नलू, मुलींनी असं केलं तरी काय होतं?"

छापण्याआधी ते पान आम्ही तिघांनी वाचलं होतं. एकालाही खटकलं नाही. आम्ही सगळे जबलपूरचे. हिंदीतली शिक्षा, म्हणजे शिक्षण, आमच्या मराठीत कधीच घर करून बसली आहे.

नलूताईंना तर अजून पटलेलं नाही. "काहून? शाळेतच तर पाठवलं ना त्यानं पोरींना?"

*

उदयभैया सराफ्यात दागिने घडवतात आणि रहस्यकथा लिहितात. त्यांची तेरा पानांची कथा मी एका बैठकीत वाचून काढली. एक नथ सोनं वितळवण्यापासून शेवटच्या मोत्यापर्यंत कशी घडते, ते आता मला पाठ आहे.

"उदयभैया, यात खून कुठे आहे?"

"झाला ना. सहावा मोती बसवला, त्याच्या नंतर."

मी पानं उलटली. खरंच होता. 'इकडे शेठजींचा खून झाला.' त्यापुढे लगेच सातवा मोती.

"वाचकाला दिसत नाही हो हा खून."

"ध्यान देऊन वाचत नाही तुम्ही लोक," उदयभैया म्हणाले.

*

यानंतर मी नियम केला. छापण्याआधी कथा कोणीतरी परक्याने वाचून चुका सांगायच्या, आणि हा वाचक जबलपूरबाहेरचा हवा. अशा वाचकाला बीटा रीडर म्हणतात. मी घाईघाईत मंडळाच्या ग्रुपवर रोमन अक्षरांत टाइप केलं, यंदापासून बीटा रीडर अनिवार्य. रोमन अक्षरांत 'बीटा' आणि 'बेटा' एकसारखेच दिसतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहिलं उत्तर आमचे अध्यक्ष पिंपळकर काका यांचं. "माझा बेटा बंगळुरूला आहे. त्याला मराठी वाचता येत नाही. मग माझी कथा घेणार नाही काय?"

मागोमाग नलूताई. "मला दोन्ही मुलीच. चालतील का?"

शेवटी उदयभैया. "मी अविवाहित आहे. हा सरळ अन्याय आहे."

*

रविवारी मी फळ्यावर लिहून नीट समजावलं. काकांचा विरोध त्यानंतरही कायम.

"लोकांनी आधीच वाचून टाकली, तर अंकात काय वाचतील?"

"काका, चुका कळतात."

"चुका छापल्यावर पण कळतात."

शिवाय त्यांच्या मते त्यांना गरजच नव्हती. एकोणीस वर्षं त्यांची प्रत्येक कथा काकू वाचत आल्या होत्या. मी काकूंनाच विचारलं, "मागच्या कथेचा शेवट कसा वाटला?"

"छान. शेवटी सगळे एकत्र आले."

त्या कथेत नर्मदेच्या पुरात अख्खं कुटुंब वाहून गेलं होतं.

घरचे वाचक चालणार नाहीत, हे मी त्याच दिवशी बीटा रीडरच्या सूचना लिहायच्या फॉर्मवर लाल अक्षरांत छापलं.

*

यंदाची काकांची कथा एका बापाची. दिवाळीच्या सकाळी तो मुलाला घ्यायला मदनमहल स्टेशनवर जातो. गाडी येते. मुलगा उतरत नाही. शेवटचं अख्खं पान बाप जलेबीचा डबा घेऊन ऑटोतून महाराजपूरला परततो.

"शेवटचं पान काढा," मी म्हटलं. "गाडी आली, तिथेच थांबा. मुलगा उतरला की नाही, ते वाचकाला ठरवू द्या."

"वाचकाला काय माहीत? मला माहीत आहे. तो नाही उतरत."

नलूताईंनी उगाच जलेबीची प्लेट पुढे सरकवली. काकांचा चिन्मय तीन दिवाळ्या आलेला नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. पण मोठ्यांनी दर वेळी डोळ्यांत पाणी आणायचं आणि आपण नियम गुंडाळून ठेवायचा, याचा मला मनापासून कंटाळा आहे.

"मग फॉर्म आणा, काका. नाहीतर यंदा कथा नाही."

एकोणीस वर्षं अंकातली पहिली कथा त्यांची असते. काकांनी कागद पिशवीत घातले, चप्पल घातली आणि निघाले. उदयभैया माझ्याकडे बघत म्हणाले, "दीदी, खून असा करतात. समोर दिसला पाहिजे."

*

आठवड्याभराने काकूंचा फोन. "अगं, हे दोन दिवसांपासून खोलीचं दार लावून फोनवर मोठमोठ्याने वाचून राहिले. मध्येच थांबतात, हिंदीत समजावतात, परत वाचतात. कोणाला, ते सांगत नाहीत. तुझ्या नियमाचंच आहे का काही?"

"असेल," मी म्हटलं.

अंक छापायला जायच्या दिवशी काका स्वतः फॉर्म घेऊन आले. माझ्या हातात दिला आणि पाणीसुद्धा न घेता जिना उतरले.

वाचकाचं नाव: चिन्मय पिंपळकर. गाव: बंगळुरू. लेखकाशी नातं, यापुढे काकांच्या टपोऱ्या अक्षरांत: बेटा.

वाचकाची सूचना हिंदीत होती, काकांनीच ऐकून उतरवलेली. 'बाबा, आखिरी पन्ना काट दीजिए. टिकट हो गया है.'

त्याखाली मी छापलेला शेवटचा प्रश्न: लेखकाला सूचना मान्य आहे का, हो की नाही?

काकांनी 'हो'वर खूण केली होती. एकदा नाही, तीनदा.