आंबेमोहोरातले देव

कुशाबाई काशीला निघणार, ही बातमी पुनावळ्यात पसरली तेव्हा बायकांना आधी हसूच आलं. चाकणच्या बाजाराला गाडीतून गेली तरी जिचा अर्धा जीव घरच्या चुलीपाशी राहायचा, ती दोन-अडीच महिने घराबाहेर राहणार कशी?

"काशीस जावे नित्य वदावे, म्हणत्यात ते खरं," शेजारची मंजुळाबाई म्हणाली. "नुसतं म्हणायचं असतं. ही खरंच निघाली."

निघाली होती खरी. ती, नवरा अर्जुनराव आणि थेरगावची दोन म्हातारी जोडपी असा मेळ जमला होता. भातं झोडून झाली की मार्गशीर्षात चिंचवड स्टेशनवरून पुणं, तिथून पुढची गाडी. अर्जुनरावांनी विषय काढला तेव्हा कुशाबाई उठली आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, एवढंच. तेव्हाच त्यांनी ओळखलं.

बारा वर्षांची असताना ती या घरात आली. सासूच्या हाताखाली घर सांभाळायला शिकली आणि सासू गेल्यावर सासूपेक्षा कडक झाली. तिच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा होती आणि ती जागा सोडून वस्तू दिसली की तिचा आवाज चढे. विळी पाट्याच्या डाव्या बाजूला, खराटा दाराआड, दाव्यांची वेटोळी खुंटीवर. सून नाही, मुलगी कधीच सासरी गेलेली. बोलणी खायला घरात एकटे अर्जुनराव होते. ते सवयीचे झाले होते.

निघायच्या आधी पंधरवडाभर ती घराला लागली होती. जमीन सारवली, भिंतींना पांढरी माती दिली. कणगीत कडुनिंबाचा पाला घालून तोंड शेणमातीनं लिंपलं. म्हैस मंजुळाबाईच्या गोठ्यात नेऊन बांधली आणि तिला कोणत्या बाजूनं दोहायचं, पान्हा चोरायला लागली तर काय बोलायचं, हे सगळं मंजुळाबाईला समजावलं. मंजुळाबाईच्या स्वतःच्या दारात तीन म्हशी होत्या.

"कुशाबाई, मी काय आज जन्माला आले व्हय?"

"तशी न्हवं गं. पर तिला माजा आवाज लागतो."

"मग आवाज बी ठिवून जा."

एकेक काम हातावेगळं होत होतं, तसा एका जागी तिचा जीव जास्त जास्त अडकत चालला होता. घराला कुलूप लागणार. मग देवांचं काय करायचं?

देव म्हणजे देव्हाऱ्यातले चांदीचे टाक. खंडोबा, भवानी, गावचा भैरोबा आणि चौथा सासऱ्यांचा. ते गेल्यावर सासूनं चिंचवडच्या सोनाराकडून करून घेतलेला. रोज सकाळी त्यांना अंघोळ, गंध, दिवा आणि घंटी. इतक्या वर्षांत एक दिवस खंड नव्हता.

खरं म्हणजे प्रश्नच पडायला नको होता. मधल्या भिंतीपलीकडे धाकटा दीर दत्तोबा राहत होता. एकच कूळ, एकच देव. कुणाचेही देव अशा वेळी भावाकडे जातात. पण घराची वाटणी झाली तेव्हा भांडी वाटली, बैल वाटले, लांबलचक घराच्या मधोमध भिंत घातली आणि रिवाजाप्रमाणे देव थोरल्याकडे राहिले. त्या दिवशी धाकटी जाऊ रतनबाई एवढंच म्हणाली होती, "बाई, एखादा टाक आमच्याकडं दिला तर?"

"देव वाटायला काय शेरडं हायेत?" कुशाबाई चार पंचांसमोर म्हणाली होती.

पंच हसले. रतनबाई हसली नाही. तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं तुटलं. सणाला दत्तोबा देवांच्या पाया पडायला यायचा. रतनबाई उंबऱ्याबाहेरून हात जोडून परत जायची. नवे टाक घडवून घेणं तिला अवघड नव्हतं. दत्तोबा पिंपरीला औषधांच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं तिथं रोज सायकलनं जात होता, हातात पैसा होता. पण थोरलं घर असताना धाकट्यानं वेगळे देव मांडले की भावकीच वेगळी झाली, असं मानतात. तेवढं तिनं केलं नाही.

"दत्तूकडं देऊ देव," अर्जुनराव एकदा चाचरत म्हणाले.

"त्यो दिवसभर पिंपरीला. करणार कोण?"

"रतन हाय की."

कुशाबाई उठून कामाला लागली. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून तिनं नव्या आंबेमोहोराचा डबा पुढ्यात घेतला. घरात माणूस नसलं की देव उपाशी राहू नयेत म्हणून ते धान्यात ठेवतात. ज्याला कुणीच नाही त्यानं करायची ती सोय. चारही टाक तिनं एकेक करून तांदळात ठेवले. सासऱ्यांचा टाक दिसेनासा होताना तिचा हात थांबला. मग तिनं वरून मूठभर तांदूळ घातले, झाकण लावलं, फडकं बांधलं. घंटी पुसून पेटीत लुगड्यांच्या घडीत घातली.

अर्जुनराव दारात उभे राहून बघत होते. "भावाचं घर भिताडाला लागून असताना देव डब्यात," ते म्हणाले. "गाव काय म्हणंल?"

"गावाला काशीला यायचंय का?"

पण त्या दिवसापासून रिकाम्या देव्हाऱ्यासमोरून जाताना ती मान वळवू लागली. काशी म्हणजे परत येण्याचा भरवसा कुणी देत नाही. वाटेत आपलं काही झालं तर? हे चौघं अंधारात, तांदळात, कुणाला ठाऊक नसलेले.

त्यात जोशीबुवांनी आणखी एक गाठ मारली. गाडीच्या दिवशी मुहूर्त नव्हता. दोन दिवस आधी होता. "मग प्रस्थान ठेवा," ते म्हणाले. म्हणजे मुहूर्तावर आपलं एक गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं की माणूस निघाल्यासारखं. एकदा ठेवलं की ते घरी आणायचं नाही, जाताना तिथूनच उचलायचं. कुशाबाईला हे माहीत होतं. जोशीबुवा उठता उठता जे बोलले ते मात्र तिच्या ध्यानात नव्हतं.

"पूर्वेला जायचं, तर पूर्वेकडच्या घरात ठेवा. पहिलंच घर. मधलं घर टाकून पुढं जाऊ नका."

घराचा पूर्वेकडचा अर्धा भाग रतनबाईचा होता.

एक लुगडं, सुपारी, हळकुंड आणि चिमूटभर तांदूळ फडक्यात बांधून कुशाबाई सकाळी त्या दारात उभी राहिली. मधे फक्त अंगण होतं, तरी तिला धाप लागली. रतनबाई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं, हात धुतले आणि पदर सारखा केला.

"परस्थान ठेवायचं हाय," कुशाबाई गाठोड्याकडे बघत म्हणाली. "जोशीबुवानं पूर्वेचं घर सांगितलं."

"जोशीबुवानं सांगितलं म्हणून. बरं झालं." रतनबाईनं गाठोडं घेतलं. मग हळूच म्हणाली, "काशीला देव बघाय निघालं माणूस, अन् घरचं देव डब्यात."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय? सकाळची घंटी वाजायची बंद झाली."

ती आत वळली आणि कुशाबाईही नकळत मागे गेली. मधल्या भिंतीत एक कोनाडा होता. चुन्यानं पांढरा केलेला, खाली स्वच्छ पाट, पाटापुढे पितळेची निरांजनी. कोनाड्यात काहीही नव्हतं. पण मागच्या भिंतीवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती, जुन्यावर नवी, त्यावर आणखी नवी, इतकी की तिथली माती पिवळी-तांबडी होऊन गेली होती.

कुशाबाईनं मनाशी भिंत मोजली. दार, खुंटी, कणगीची जागा. तिच्या देव्हाऱ्याची बरोबर पाठ होती ती.

"हितं..." ती कोनाड्याकडे बोट करून म्हणाली.

"तिकडून घंटी वाजली की मी हिकडून दिवा लावायची." रतनबाईनं गाठोडं पाटावर ठेवलं. "देवाला काय, पाठ असली तरी दिसत आसंल. आता पलीकडं कुणी न्हाई म्हणल्यावर कुणाला लावू? म्हणून राहिलं."

निरांजनीतली वात कोरडी होती.

"भाकरी करपंल तुजी," कुशाबाई म्हणाली आणि बाहेर पडली.

घरी येऊन ती डब्यापाशी बसली. अर्जुनरावांनी विचारलं, ठेवलं का नीट? फडक्याची गाठ तिनं स्वतःच इतकी घट्ट मारली होती की नखानं सुटेना. शेवटी दातानं सोडवली. झाकण निघालं तसा नव्या आंबेमोहोराचा वास घरभर झाला. टाकांना तांदळाचे दाणे चिकटले होते. ते तिनं झटकले नाहीत. चौघांना ओंजळभर तांदळासकट पदरात घेतलं आणि अंगण पुन्हा ओलांडलं.

रतनबाई चुलीपासून उठली आणि तशीच उभी राहिली. "माज्या हातानं?"

"मग काय जोशीबुवाच्या? हात धू आधी, पीठ हाय."

पाटावर नवं फडकं अंथरून रतनबाईनं एकेक टाक घेतला. कुशाबाई शेजारी बसून सांगू लागली, आणि सांगता सांगता तिचा नेहमीचा आवाज परत आला. खंडोबाला भंडारा सोडू नकोस. भवानीला मंगळवारी पानाचा विडा. भैरोबाला मधे ठेवू नको, त्याची जागा कडंची हाय.

"अन् मामंजीस्नी?"

"गुळाचा खडा. इसरायचं न्हाई. जित्तेपणी गूळ न्हाई मिळाला तर ताटावरून उठायचं. आता उठून जायचं कुठं?"

रतनबाईच्या तोंडून हसू फुटलं. तिनं पटकन तोंडाला पदर लावला. पण तोवर कुशाबाईही हसली होती. दोघी जावा देवांपुढे बसून हसत राहिल्या, आणि मग रतनबाईचे डोळे पुसायला तोच पदर उपयोगी पडला.

"आल्यावर परत न्यायचं, न्हवं?" तिनं खाली बघत विचारलं.

एवढ्या वर्षांची सवय एका सकाळीत सुटत नाही. "आधी परत येऊ तर दे," कुशाबाई म्हणाली आणि उठली.

निघायच्या दिवशी उजाडताच गाडी जुंपली. दत्तोबानं पेटी उचलून ठेवली. आज तो कारखान्यावर गेला नव्हता, थोरल्या भावाला स्टेशनवर पोहोचवणार होता. अर्जुनरावांनी दाराला कुलूप लावलं. या घराला कुलूप असं पहिल्यांदाच लागत होतं. ते दोनदा ओढून बघितलं त्यांनी. कुशाबाई गाठोडं उचलायला पूर्वेकडच्या घरात गेली. रतनबाईनं तिच्या हातावर दही घातलं, पाया पडली. कोनाड्यात दिवा होता. सासऱ्यांपुढे गुळाचा खडा होता आणि त्याला एक मुंगी लागलेली होती.

गाडीपर्यंत येऊन कुशाबाई थांबली.

"अवं, पेटी उघडा."

"आता?" अर्जुनराव म्हणाले. "अगं, गाडी चुकंल."

"उघडा म्हणते न्हवं."

लुगड्यांच्या घडीतून तिनं घंटी काढली. देव दिले तरी ती एवढी घंटी तिनं आपल्याकडे ठेवली होती, गंगेवर वाजवीन म्हणून. निदान स्वतःला तिनं तसं सांगितलं होतं. दारात उभ्या असलेल्या रतनबाईच्या हातात तिनं ती ठेवली.

"तिकडं काशीत ढीगभर घंट्या असतील," ती म्हणाली. "अन् परत आल्यावर देव कुठं ऱ्हायचं ते आपण दोघी बसून ठरवू. पंचांना बोलवायचं न्हाई."

ती गाडीत चढली. दत्तोबानं बैलांना चुचकारलं. प्रवासाला निघालेल्या माणसानं मागं वळून बघू नये, म्हणून ती समोर पवनेच्या पात्राकडे बघत बसली. वळणावर गाडी आली तेव्हा मागून घंटी वाजू लागली. ताल नव्हता, थांबत थांबत, मधेच फार जोरात. वाजवणाऱ्या हाताला अजून सवय नव्हती.

"हळू वाजीव गं," कुशाबाई पुटपुटली.

"काय म्हणलीस?" अर्जुनरावांनी विचारलं.

"काय न्हाई. तुमच्या भावाला म्हणलं, हळू हाक. घरात पूजा चाललीय."