मुकादमाचं पाणी

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. माशांच्या टाकीच्या काचेवर शेवाळ धरतं, तसे ते आपोआप धरतात. एका जागी बसणारी माणसं हवीत, बस्स.

आम्ही तिघं बसायचो. नायगावच्या जुन्या चाळीत, पॅसेजच्या टोकाला, खिडकीखाली. मी गिरणीत कामगार होतो. कांबळे बसवर ड्रायव्हर. परब गोदीत, मूळचा मालवणचा. सगळे रिटायर. रोज दुपारी रमी, आणि समोर कांबळेची माशाची टाकी.

टाकीत मासा एकच. ऑस्कर जातीचा, वीतभर लांब, काळा, अंगावर केशरी डाग. आम्ही डाव मांडला की काचेला तोंड लावून डोळे वटारायचा. आमच्या खात्यात अगदी असाच एक मुकादम होता. मी नाव ठेवलं, मुकादम. तेच राहिलं.

कांबळेनं त्याला अंगठ्याएवढा असताना आणलेला. कांबळेचा एकच हट्ट, मुकादमाला पाणी मानवलं पाहिजे. कांबळेवहिनी म्हणायच्या, "माझ्या बीपीच्या गोळ्या यांना आठवत नाहीत. माशाचं पाणी बरं आठवतं!"

*

पाण्याचा पीएच म्हणजे पाणी आंबटाकडे आहे की चुन्याकडे. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्याला एवढं पुरे. दादरच्या दुकानातून कांबळेनं एक किट आणलं. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर आंबट. निळं झालं तर चुन्याकडचं. हिरवं आलं की बरोबर.

पहिल्याच दिवशी पाणी पिवळट आलं. कांबळे नळी खिडकीशी धरून एक डोळा मिटून बघतोय. परब जिना चढून आला आणि जागीच थांबला.

"काय रे कांबळ्या, आता माशाची लघवी तपासतंस?"

*

परब गावाहून शिंपल्या घेऊन आला. पांढऱ्या, मोठ्या. टाकीत मांडल्या. शोभा आली. पण पुढे नळीत पाणी रोज थोडं थोडं निळं व्हायला लागलं.

कांबळेनं आळ घेतला बायकोवर. "तू साबणाचे हात टाकीत घालतेस!" वहिनींनी बोलणं टाकलं. आमचा चहाही बंद झाला. तो खरा त्रास.

शेवटी दुकानदारानं सांगितलं, "शिंपल्या काढा. त्यातून चुना उतरतो." कांबळे मान खाली घालून वहिनींसमोर उभा राहिला. वहिनी म्हणाल्या, "माफी नको. त्या शिंपल्या इकडे द्या, कुंड्यांना होतील."

चहा आला. बिनसाखरेचा.

*

शिंपल्या काढल्या तरी पाण्याचा निळेपणा लगेच उतरेना. कांबळे औषध आणायला दादरला गेला. परतला तर मुकादम तळाशी आडवा! परब बाजूला उभा, हातात पिळलेलं लिंबू.

"हे काय केलंस?"

"पाणी चुन्याकडे गेला, म्हणून आंबट घातलंय. माशाक लिंबू लागताच!"

धावपळ झाली. नळाचं ताजं पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन असतो. शिळं लागतं. आमचा नळ सकाळीच यायचा, त्यामुळे प्रत्येक खोलीत कालचं साठवलेलं पाणी. पॅसेजमधल्या बायकांनी बादल्या बाहेर काढल्या. कुणी का म्हणून विचारलं नाही. मुकादम संध्याकाळी सरळ झाला.

कांबळे तेव्हा कुठे बोलला. "परब्या, लिंबू पिळलंस, मग मीठ-मसाला का ठेवलास?"

परब म्हणाला, "तू लवकर इलंस."

*

त्यानंतर कांबळे बदामाच्या पानांवर आला. देशी बदाम. चाळीच्या अंगणात झाड होतं. वाळून गळलेलं पान टाकीत सोडलं की पाणी हळूहळू आंबटाकडे उतरतं, आणि रंग चहासारखा होतो. अंगणात कुणाचा पाय पानावर पडला की कांबळे वरून ओरडायचा, "ओ, औषध तुडवू नका!"

वहिनींचे भाऊ आले होते. बराच वेळ टाकीकडे बघत बसले. मग म्हणाले, "यालाच पाजलात वाटतं चहा? आम्हाला अजून आला नाही!"

*

चाळ पुनर्विकासात गेली. झाडही गेलं. कांबळेला टॉवरमध्ये बाविसावा मजला मिळाला, मला शेजारच्या विंगमध्ये नववा. परबाची इमारत अजून व्हायची आहे. तो मुलाकडे वडाळ्याला. आता कांबळेकडे जायचं तर खाली वॉचमनला नाव सांगावं लागतं. मी सांगत नाही. हात वर करून जातो.

नव्या पाण्याचा पहिलाच थेंब निळा! इमारतीची सिमेंटची टाकी नवी, चुना सुटणारच. मुकादम कोपऱ्यात तोंड करून बसला. खाईना. कांबळेही नीट जेवेना. वहिनींचा मला फोन. "भावोजी, आता हे दोघांचं झालंय."

मी परबाला कळवलं. तो तेव्हा गावी होता. गोणी खांद्यावर घेऊन सरळ बाविसाव्या मजल्यावर आला. "लोकां गावसून आंबे आणतत. मी पालो आणलंय!"

बदामाची पानं घातली. पाणी उतरत उतरत हिरव्यावर आलं. तरी मुकादम खाईना. रोज नळी हिरवी, आणि रोज तो कोपऱ्यात.

रविवारी आम्ही दोघं पुन्हा गेलो. तिघंही टाकीसमोर ओळीनं बसलो. कांबळे म्हणाला, "म्हातारा झालाय. जाईल आता."

"मयताक इल्यासारखे काय बसलास?" परबानं खिशातून पत्ते काढले. सोफा सोडून आम्ही खाली फरशीवर बसलो. दुसऱ्याच डावात परबानं टाकलेला पत्ता परत उचलला. मी मनगट धरलं. तो ओरडला, मी ओरडलो, कांबळे दोघांवर ओरडला. वहिनी धावत येऊन दार लावून गेल्या. "हळू! इथे लोक कंप्लेंट करतात!"

मी टाकीकडे पाहिलं. मुकादम कोपरा सोडून पुढे आला होता. काचेला तोंड. डोळे वटारलेले.

कांबळेनं सुकटीचा एक तुकडा सोडला. गेला. दुसरा सोडला. तोही मुकादमानं गिळला.

कांबळेनं नळी भरली, थेंब टाकले, खिडकीशी धरली. हिरवं. सकाळी होतं तेवढंच.

परबानं विचारलं, "आता काय टाकलंस रे पाण्यात?"

"काही नाही. पत्ते वाट."